मजुरीतली माया

नकळत झालेल्या अन्यायाचा दोष माणसावर येतो का? हा प्रश्न आलिम आणि तत्त्वज्ञ यांच्या चर्चेचा आहे, अशी माझी समजूत होती. तो माझ्या घरात आला तो एका जुन्या शिलाई मशीनच्या निमित्ताने.

मी सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवते. बी.एड. झाले, नोकरी लागली, लग्न झाले. पण तुटलेले बटण लावण्यापलीकडे शिवणकाम कधी आले नाही. आमच्या घरांतून ही जवळजवळ लाजेची बाब. शेवटी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ओळखीच्या घरातून साडेतीन हजारांना जुनी पायमशीन घेतली आणि शेजारच्या खालांकडे शागीर्द म्हणून जाऊन बसले. खाला वीस वर्षांपासून घरी शिवतात. मोहल्ल्यातल्या बायकांचे कपडे, आणि हंगामात शाळेचे गणवेश, नगावर.

पहिले चार दिवस त्यांनी दोराच ओवू दिला नाही. चौरेघी वहीचा कागद सुईखाली सरकवला आणि रेघेवरून मशीन चालवायला सांगितले. ज्या रेघांवर मी मुलांची अक्षरे बसवते, त्याच रेघांवर माझी सुई बसेना. पाय थांबला की चाक उलटे फिरे. पुढे दोरा ओवला तेव्हा तो दर वितीला तुटे. नाही तर खालून बॉबीनचा गुंता वर येई. खाला म्हणत, "टीचर, जल्दी नको करो. पैर को बी अकल आती, टाइम लगता." पस्तिशीत मला पुन्हा पहिलीत बसल्यासारखे वाटले.

उशीचा अभ्रा जमला. मग सलवार घेतली. तिला तीन संध्याकाळी लागल्या. कमीजचा गळा चार वेळा उसवला. बेतताना मी कापड अगदी रेघेवर कापले, तेव्हा खालांनी हात धरला. शिवणीच्या आत थोडे जास्तीचे कापड सोडावे लागते, त्याला माया म्हणतात. माया असली तर कपडा उसवून मोठा करता येतो. चूक झाली तर सुधारता येते. माया नसेल तर पहिल्याच ताणाला शिवण सुटते.

त्या संध्याकाळी पाठ धरून बसले असताना मला माझेच शब्द आठवले. दहा वर्षे मी खालांकडे कपडे टाकत आले होते, आणि दर ईदला म्हणत आले होते, "खाला, पन्नास रुपये कमी करा. सरळ तर शिलाई आहे." त्या दर वेळी हसून कमी करत. सरळ शिलाई म्हणजे काय, हे मला आत्ता कळत होते.

आणखी एक गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी शाळा व्यवस्थापन समितीत मी शिक्षकांची प्रतिनिधी होते. समग्र शिक्षा योजनेत एका मुलामागे दोन गणवेशांसाठी ६०० रुपये धरलेले. दरपत्रके आली तेव्हा मीच आग्रह धरून भाव आणखी खाली आणला. उरलेल्या पैशांत मुलांना मोजे मिळाले, याचा मला अभिमान वाटला. ते गणवेश खालांच्या हातून गेले की आणखी कुणाच्या, मला माहीत नाही. कुणाच्या तरी हातून गेले, आणि मोजे त्या हातांनी दिले.

२०२४-२५ साली राज्याने सर्वांना एकसारखा गणवेश द्यायचे ठरवले. बेतलेले कापड महिला बचत गटांकडे शिलाईला गेले. एका गणवेशाच्या शिलाईचे १०० रुपये आणि वरखर्चाचे १० रुपये ठरले. कुठे गणवेश उशिरा पोहोचले, कुठे मापे चुकली. डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय बदलून काम पुन्हा शाळा समित्यांकडे आले. पूर्वी मी हा १०० चा आकडा नुसता वाचला असता. आता मी मोजते: कॉलर, खिसा, काज, बटणे, दोन बाह्या, खालची दुमड, इस्त्री, आणि हे झाले फक्त शर्टाचे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मला माहीत नव्हते, हे खरे. पण न कळण्याचे दोन प्रकार आहेत. एक, जे कळण्याचा मार्गच नव्हता. दुसरा, जे विचारले असते तर कळले असते. पण न कळण्यात आपला फायदा होता म्हणून विचारले नाही. खाला भिंतीपलीकडे राहत होत्या. एका कमीजला किती वेळ लागतो, हे विचारायला मशीन विकत घ्यावी लागत नव्हती. माझे अज्ञान मला दर ईदला पन्नास रुपये मिळवून देत होते. अशा अज्ञानाला निर्दोष कसे म्हणावे?

यावर कुणी म्हणेल, आपणही गरीबच आहोत. हा आक्षेप खोटा नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या आया विड्या वळतात. त्यांची मजुरीही हजार विड्यांवर मोजली जाते. शिलाई वाढली तर ती त्यांच्याच पदरातून जाणार. एका बाईची काटकसर दुसऱ्या बाईच्या मजुरीतून निघते, आणि दोघींपैकी कुणीच श्रीमंत नाही. मी ही अडचण खालांपुढेच ठेवली. त्या दाताने दोरा तोडत म्हणाल्या, "पैसे कम है बोलो टीचर, काम कम है नको बोलो."

मला वाटते, या एका वाक्यात नैतिक प्रश्नाची शिवण आहे. 'माझ्याकडे एवढेच आहेत' असे म्हणणारा सवलत मागतो, आणि सवलत मागताना दुसऱ्याचा हक मान्य करतो. 'काम ते काय' असे म्हणणारा हकच नाकारतो. रक्कम दोन्हीकडे तीच असेल. पण पहिल्या ठिकाणी आपण ऋणी राहतो, दुसऱ्या ठिकाणी आपल्याला ऋण दिसतच नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची ताकीद आपल्याला तोंडपाठ आहे. केव्हा द्यायची हे आपण शिकलो. किती द्यायची हे विचारायचे राहून गेले.

मशीन आली म्हणजे हा प्रश्न सुटतो, असेही नाही. फ्रान्समध्ये थिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले. पॅरिसच्या त्याच्या कारखान्यात सुमारे ८० यंत्रांवर सैनिकांचे गणवेश शिवले जात. १८३१ साली शिंप्यांच्या जमावाने ती यंत्रे फोडली. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ साली शिवणयंत्राला मात्र अपवाद मानले, कारण त्याच्या मुळाशी त्यांना पत्नीचे कष्ट हलके करण्याची माया दिसली. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. यंत्राने वेळ वाचतो; पण वाचलेला वेळ कुणाच्या पदरात पडतो, हे यंत्र ठरवत नाही. तो खालांच्या पदरात पडला नाही. त्यांना फक्त नग वाढवून मिळाले.

आपले सोलापूर कापडाचे गाव. १८७७ साली इथे जुनी मिल सुरू झाली. २०१७ साली इथल्या उत्पादकांनी गणवेशांचे मोठे प्रदर्शन भरवले. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांमध्ये कुर्बान हुसेन होते, आणि ते गिरणी कामगारांमध्ये काम करत, हे आपण अभिमानाने सांगतो. गिरणीला भोंगा होता, कामगारांची संघटना होती. घरात मशीनवर बसलेल्या बाईला भोंगा नाही. तिचे काम केव्हा सुरू झाले आणि केव्हा संपले, हे तिच्या मुलांशिवाय कुणी पाहत नाही.

मग न्यायाने वागण्यासाठी प्रत्येकाने प्रत्येक काम शिकावे काय? ते शक्य नाही. मी सूत विणणार नाही, विडी वळणार नाही. प्रेषित आपले कपडे स्वतः सांधत, हे आपण मुलांना साधेपणाचा धडा म्हणून सांगतो. मला त्यात आता आणखी एक अर्थ दिसतो: जो स्वतः टाका घालतो, तो दुसऱ्याच्या टाक्याला क्षुल्लक म्हणत नाही. एक काम हाताने शिकले की बाकीच्या कामांविषयी एवढे तरी कळते की बाहेरून दिसते तेवढेच ते नसते. त्यापुढे विचारणे आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवणे, एवढेच आपल्या हाती आहे.

मी अजून चांगले शिवत नाही. घरातले साधे कपडे शिवते. ईदचा जोड खालांकडेच टाकते. त्यांची एक गिऱ्हाईक त्यांच्याच शिकवण्याने तुटावी, हे मला पटत नाही. गेल्या ईदला मी भाव विचारला आणि तेवढे दिले. पुढच्या वेळी कदाचित हात आखडता असेल. तेव्हा पैसे कमी आहेत, असे सांगेन.

गणवेशाच्या गेल्या बैठकीत मी समितीत नव्हते, तरी परवानगी घेऊन एक प्रश्न विचारला: या दरातले किती शिवणाऱ्या बाईला मिळतात? कुणालाच सांगता आले नाही. एक सदस्य म्हणाले, हा आपला विषय नव्हे. मी म्हटले, उत्तर नसेल तर निदान प्रश्न तरी इतिवृत्तात लिहा. तो लिहिला गेला. पुढच्या वर्षी नवे दरपत्रक येईल तेव्हा कुणी तरी तो वाचेल, एवढी माया मी त्या कागदात सोडून आले आहे.