पणाला काय लावावे?

हरत असलेल्याने डाव वाढवावा की आवरता घ्यावा, हा प्रश्न सारीपाटाइतकाच जुना आहे. बॅकगॅमन या पाश्चात्त्य सोंगट्यांच्या खेळात त्याला नेमके उत्तर सापडते. प्रत्येकी 15 सोंगट्या, दोन फासे आणि 2 पासून 64 पर्यंत दुपटीचे आकडे कोरलेला एक ठोकळा. हा ठोकळा 1920 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये खेळात आला. खेळाडूने तो पुढे सरकवला की डावाचे मोल दुप्पट होते. प्रतिस्पर्ध्याने ते मान्य करावे, नाही तर डाव सोडावा.

समजा, सामना 5 गुणांचा आहे. एकाचे 4 गुण झाले आहेत, दुसऱ्याचे 2. आघाडीवरचा 4 गुणांवर पोहोचताच पुढचा एक डाव क्रॉफर्ड यांच्या नियमानुसार ठोकळ्याविना होतो. तो होऊन गेला की मागे पडलेल्याने पहिल्याच संधीला डाव दुप्पट करावा, असे जाणकार सांगतात. एक गुण गेला काय नि दोन गेले काय, सामना हरणारच. जिंकल्यास मात्र दोन गुण पदरी पडतात. हे धाडस अविचाराचे नव्हे, हिशेबाचे आहे.

हाच हिशेब पटावरून संसारात आणला की काय होते? आमच्या नांदगाव पेठेच्या शिवारात मृगाच्या पावसावर कपाशी, सोयाबीन पेरावे आणि पुढे पावसाने दडी मारावी, हे नवे नाही. मग दुबार पेरणी, पुन्हा बियाणे, पुन्हा उधारी. अशा शेतकऱ्यास जुगारी म्हणणे अन्यायाचे होईल. रान पडीक ठेवून कोणाचे पोट भरते? परंतु "आता जायला उरले काय?" असे तो म्हणतो, तेव्हा आम्हांला भीती वाटते. पटावर खरोखरच काही उरलेले नसते. घरात मात्र मुलीचे शिक्षण उरलेले असते, पत्नीचे डोरले उरलेले असते, आणि तो स्वतः उरलेला असतो.

महाभारतातील नलराजाची कथा आम्हां वऱ्हाडकरांना जवळची. दमयंती विदर्भाची राजकन्या. तिचे कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीकाठचे आपले कौंडिण्यपूर, असे परंपरा मानते. नल पुष्कराशी द्यूत खेळत राज्य हरला. पौरजन नि मंत्री दाराशी आले, दमयंतीने विनवले. तो थांबला नाही. पण "आता दमयंतीला पणाला लाव" असे पुष्कर म्हणाला, तेव्हा तो एका वस्त्रानिशी उठून गेला. युधिष्ठिराला ते उठणे साधले नाही. मात्र पुढे अक्षविद्या शिकून परतलेल्या नलानेही दमयंतीला पणाला लावलेच, आणि तो जिंकला. जिंकला म्हणून ते योग्य ठरते काय? आम्हांला तसे वाटत नाही. फाशाचे दान अनुकूल पडले, एवढ्याने दुसऱ्याचे आयुष्य आपल्या मालकीचे होत नाही.

म्हणून मागे पडलेल्याने "किती मिळेल?" याआधी "जाईल ते कोणाचे?" हे विचारावे. जे केवळ आपले, ते हिशेबाने पणाला लावण्यास हरकत नाही. जे घरातल्या सर्वांचे, त्याचा निर्णय सर्वांनी एकत्र बसून करावा. आणि शेजारी एकटाच डाव वाढवीत असल्याचे दिसले, तर आपणही त्याच्या दाराशी जावे. नलाच्या प्रजेचे कोणी ऐकले नाही, तरी ती गेली होती.