प्राण आणि दप्तर

मृत्यूविषयी माणसाने आजवर जे प्रश्न विचारले, त्यांतील सर्वांत जुना आणि सर्वांत हट्टी प्रश्न हा आहे, की जे दिसेनासे झाले ते नष्टच झाले असे समजावे, की प्रकट होण्याचे साधन तेवढे त्याच्यापासून हिरावले गेले असे समजावे. हा प्रश्न स्मशानात सुचतो, तसाच तो एखाद्या बंद पडलेल्या यंत्रापुढेही सुचावा, यात मला त्या प्रश्नाची काही अप्रतिष्ठा दिसत नाही. पाण्यात विरघळलेले मीठ, वडाच्या फळातील बी आणि मातीचा गोळा एवढ्या सामग्रीवर छांदोग्याच्या ऋषींनी सत्-तत्त्वाचे विवेचन उभे केले; त्यांच्या वंशजांनी विजेच्या उपकरणाला तेवढा मान का नाकारावा?

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे टोकावडे वसलेले आहे. येथील हरिनाम सप्ताहांतील कीर्तने, पहाटेचे काकडे, लग्नघरी धवले म्हणणाऱ्या वृद्ध स्त्रियांचे गळे, आणि त्यांच्याच जोडीला कित्येक घरांच्या जुन्या दस्तऐवजांची छायाचित्रे, असे एक दप्तर गेली अनेक वर्षे माझ्याकडे जमत आले आहे. ते दोन हार्ड डिस्क बसवलेल्या एका जुन्या नेटवर्क स्टोरेजच्या पेटीत असते आणि घरातल्या वायफायवरून कोणालाही ऐकता-पाहता येते. यंदाच्या वळवात एका संध्याकाळी लाइट गेली. ती रात्री परत आली, परंतु पेटी काही सुरू झाली नाही. समोरचा दिवा लुकलुके, आतील तबकड्या फिरू लागल्यासारख्या होत आणि तेवढ्यातच थांबत. ज्यांची कीर्तने त्या पेटीत होती ते आमचे बुवा वारल्याला बरीच वर्षे झाली. त्यांच्या वृद्ध पत्नीला ही वार्ता कळली तेव्हा त्या आल्या, पेटीकडे पाहत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, त्यांचा आवाज हाय ना अजून आत?"

दर्शनांचे मोठमोठे ग्रंथ ज्या शंकेभोवती फिरतात, ती याहून नेमक्या शब्दांत मांडलेली मी वाचलेली नाही.

दोष होता तो पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे घरातली 230 व्होल्टची वीज पेटीच्या कामाच्या 12 व्होल्टवर आणून देणाऱ्या अडॅप्टरमध्ये. त्याच्या पोटात जे कपॅसिटर असतात त्यांतील द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातो, त्यांची टोपणे फुगतात, आणि असा जराजर्जर अडॅप्टर चालू आहे तोवर कसाबसा चालतो, पण एकदा थंड झाला की पुन्हा उठत नाही. मल्टिमीटर लावला तर काटेकोर 12 व्होल्ट दिसतात. मात्र तबकड्यांना पहिली गती देण्यासाठी लागणारा मोठा प्रवाह मागितला, की अडॅप्टर गडगडतो. मुंबईस भडकमकर मार्गावर, ज्याला अजूनही सारे लॅमिंग्टन रोडच म्हणतात, तेथे नवा अडॅप्टर मिळाला. व्होल्ट तेवढेच, अँपिअर जुन्याहून कमी नाहीत, पिनेची धन-ऋण बाजू आणि जाडी तीच, एवढे पारखून तो घेतला. आणि तो जोडताच पेटी उठली व बुवांचे निरूपण जेथल्या तेथे सापडले. ते कोठे गेलेच नव्हते. तबकडीवरच्या सूक्ष्म कणांचे चुंबकत्व ज्या दिशेला लावून ठेवले होते त्याच दिशेला ते त्या अंधाऱ्या दिवसांत होते, आणि तसे राहण्यासाठी त्याला विजेची गरज नव्हती.

छांदोग्यात आणि बृहदारण्यकातही इंद्रियांच्या कलहाची कथा आहे. श्रेष्ठ कोण, हे ठरवण्यासाठी वाणी वर्षभर शरीर सोडून जाते, मग चक्षू, श्रोत्र आणि मन जातात. शरीर मुके, आंधळे, बहिरे होऊनही जगते. परंतु प्राण निघू लागताच उमदा घोडा खुंट्या उपटून काढतो तशी सारी इंद्रिये उखडू लागतात आणि प्राणाला शरण येतात. पेटीतला प्राण निघाला तेव्हा कथेतल्याप्रमाणेच वाणी गेली, दर्शन गेले, सारे व्यवहार बरखास्त झाले. तथापि स्मृती उखडली गेली नाही. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. प्राणावाचून काहीही प्रकट होत नाही हे खरे. पण जे प्रकट होते ते प्राणाचे असते असे त्यावरून ठरत नाही. नैयायिकांनी स्मृतीचे कारण जो संस्कार, त्याला आत्म्याच्या ठायी मानले, आणि उद्बोधक, म्हणजे जागे करणारे निमित्त, मिळेपर्यंत तो निश्चल पडून राहतो असे सांगितले, त्यामागे हाच विवेक आहे.

यावर चार्वाक मुकाट्याने बसणार नाही. देह असता चैतन्य दिसते, देह नसता दिसत नाही, म्हणून चैतन्य देहाचाच धर्म, हे त्याचे म्हणणे शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या भाष्यात प्रामाणिकपणे मांडले आहे. दिवा असता वस्तू दिसते, नसता दिसत नाही, तरी दिसणे हा काही दिव्याचा धर्म नव्हे, हे त्यांचे उत्तर अडॅप्टरला तंतोतंत लागू पडते. पण चार्वाकाने हातोडा उचलून तबकडीच फोडली, तर? तेव्हा दिव्याचा दृष्टांत अपुरा पडतो, हे कबूल केलेच पाहिजे. तबकडीही जडच आहे. अदर्शनावरून अभाव सिद्ध होत नाही, एवढेच या यंत्राने मला पटवले आहे. आत्म्याचे अमरत्व त्यावरून सिद्ध झाले असे म्हणणे हा श्रद्धेला दिलेला खोटा पुरावा होईल, आणि खऱ्या श्रद्धेला त्याची गरज नसावी.

आमच्या गावावरून माळशेजकडे जाताना पुढे वैशाखरे लागते, आणि तेथून नाणेघाटाची वाट चढते. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. अश्वमेध, राजसूय आदी यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांचा तपशील आकड्यांसह त्यात रुजू आहे. जुन्नरच्या बाजाराकडे जाणारे व्यापारी आणि बैलांचे तांडे शतकानुशतके त्या लेखासमोरून गेले. अक्षरे डोळ्यांपुढे होती आणि वाचणारा कोणी उरला नव्हता. 1828 साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने तो पाहिला तेव्हाही तो मुकाच होता. पुढे 1837 मध्ये कलकत्त्याच्या टांकसाळीतल्या जेम्स प्रिन्सेपला ब्राह्मीची किल्ली सापडली, आणि नागनिका पुन्हा बोलू लागली. एवढा दीर्घ काळ अर्थ अप्रकट होता, नष्ट नव्हता. परंतु त्याच लेण्याच्या मागच्या भिंतीवर कोरलेल्या राजपरिवाराच्या प्रतिमांचे काय झाले ते पाहा: वर नावे आहेत, खाली पावलांच्या खुणा आहेत, मधली माणसे झिजून, फुटून गेली आहेत. लेखातल्या काही ओळीही तशाच तुटल्या आहेत, आणि त्या कोणत्याही प्रिन्सेपला वाचता येणार नाहीत. प्रध्वंसाभावाला, म्हणजे वस्तू नष्ट झाल्याने येणाऱ्या अभावाला, आरंभ असतो, अंत नसतो, असे तर्कशास्त्र सांगते, ते त्या भिंतीपाशी उभे राहिल्यावर केवळ तर्कशास्त्र राहत नाही.

तेव्हा त्या माउलीच्या प्रश्नाला मी "हो, आहे" असे उत्तर दिले ते सत्य होते, पण मुदतीचे सत्य होते. आपल्याकडे वेद टिकले ते एका कंठात नव्हे. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी ते पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या कंठाच्या हवाली केले गेले, म्हणून टिकले. ऋषिऋण म्हणतात ते अध्ययनाने आणि अध्यापनाने फिटते, नुसत्या जपून ठेवण्याने फिटत नाही. एका पेटीतल्या दोन तबकड्यांवर तोच मजकूर असला तरी ती दुसरी प्रत नव्हे, कारण एकच विजेचा लोळ दोहोंना एकदम नेऊ शकतो. बुवांच्या कीर्तनांची एक प्रत आता त्यांच्या घरी आहे आणि दुसरी मुरबाडला एका स्नेह्याकडे. ज्या कोणाच्या घरी गावाचा, देवळाचा किंवा आपल्या वाडवडिलांचा आवाज असा एकाच पेटीत पडून असेल, त्यांनी अडॅप्टर जराजर्जर झाला आहे का ते आजच पाहावे, आणि पुढचा वळीव येण्यापूर्वी त्या आवाजाची प्रत दुसऱ्या छपराखाली पोचवावी, एवढी माझी विनंती आहे.