पुष्पक कोणाचे? : खलनौकांच्या नामकरणाची नीती

विज्ञानकथेवर आधारलेल्या भूमिका-खेळात शत्रूच्या अंतराळनौकेला नाव कोणते द्यावे, हा प्रश्न सकृद्दर्शनी समीक्षेच्या कक्षेत येण्याजोगा वाटत नाही. खेळ हा खेळ असतो. त्यातील नावे क्षणभर उच्चारली जातात आणि विसरली जातात. परंतु कथात्म साहित्यात नावाचे कार्य काय, आणि दुष्टत्वाला नाव देण्याचा अधिकार कोणाचा, हे दोन जुने प्रश्न या किरकोळ भासणाऱ्या कृतीत जितक्या उघडपणे समोर येतात, तितके ते प्रतिष्ठित वाङ्मयप्रकारांतही क्वचितच येतात.

१९७४ मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रकाशित झाला. १९७७ मध्ये 'ट्रॅव्हलर'ने आणि १९८७ मध्ये 'स्टार वॉर्स'वर बेतलेल्या खेळाने ही पद्धती अंतराळात नेली. या खेळात पट आणि सोंगट्या गौण असतात. सूत्रधार प्रसंग वर्णन करून सांगतो, खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने निर्णय घेतात आणि फाशांच्या साहाय्याने त्यांचा परिणाम ठरतो. म्हणजे हे मूलतः मौखिक कथन आहे. चित्रपटात शत्रूची नौका पडदा व्यापून टाकते; तिचा आकार आणि तिची सावली प्रेक्षकाला आधीच भयभीत करते. मौखिक कथनात असे काही नसते. तेथे नौका प्रथम अवतरते ती नावाच्या रूपाने. साहजिकच सूत्रधाराला मोह होतो तो असा, की नावातच सारे भय भरून टाकावे. 'संहारक', 'काळदूत', 'मृत्युछाया' अशी नावे या मोहातून जन्मतात. अशा नावांत नेमके काय बिघडते, हे पाहण्यासाठी नामाच्या स्वरूपाकडे वळावे लागते.

पतंजलीच्या महाभाष्यात शब्दांची प्रवृत्ती चार प्रकारची सांगितली आहे : जाती, गुण, क्रिया आणि यदृच्छा. यांपैकी यदृच्छाशब्द म्हणजे ठेवणाऱ्याच्या इच्छेखेरीज अन्य आधार नसलेले विशेषनाम. जॉन स्टुअर्ट मिलनेही १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात विशेषनाम व्यक्तीचा निर्देश करते, तिचे गुणवर्णन करीत नाही, असाच पक्ष मांडला. लौकिक व्यवहारात हे पुष्कळ अंशी खरे आहे. 'शांताबाई' नावाची स्त्री तापट निघाली म्हणून तिचे नाव खोटे ठरत नाही. साहित्यकृतीत मात्र शुद्ध यदृच्छा संभवत नाही, कारण तेथे प्रत्येक नाव कोणीतरी निवडलेले असते आणि वाचकाला ते ठाऊक असते. रोलाँ बार्थने 'एस/झेड' (१९७०) मध्ये विशेषनामाचे जे विवेचन केले आहे, त्याचा आशय असा, की संहितेतील विखुरलेले अर्थकण नावाभोवती गोळा होतात आणि त्यातून पात्र आकारास येते. हे मान्य केले, तर 'संहारक' या नावाचा दोष स्पष्ट होतो. ज्या नावाभोवती अर्थ हळूहळू साचावयाचा, ते नाव आधीच काठोकाठ भरलेले आहे. खेळाडूने त्या नौकेविषयी काही जाणून घेण्याची, तिच्या कृत्यांवरून तिचा निवाडा करण्याची गरजच उरत नाही. निकाल नावातच लागलेला आहे.

येथे एक भेद करावयास हवा. कल्पित विश्वातील प्रत्येक नावाला दोन नामकर्ते असतात. एक संहितेबाहेरचा : लेखक किंवा सूत्रधार. दुसरा संहितेच्या आतला : ज्याने ती नौका बांधली आणि जलावतरणासारखा काही विधी करून तिचे नाव पुकारले, तो. बाहेरच्या नामकर्त्याला ती नौका दुष्ट आहे हे ठाऊक असते. आतल्याला ते ठाऊक नसते, किंवा ते त्याला मान्य नसते. 'मृत्युछाया' या नावात बाहेरचा नामकर्ता आतल्याच्या तोंडून स्वतःचे मत वदवून घेतो. 'स्टार वॉर्स' चित्रमालिकेतील 'डेथ स्टार' हे याचे ठळक उदाहरण. त्याच मालिकेतील दुसऱ्या एका महानौकेचे नाव, 'एक्झिक्यूटर', अधिक सूचक आहे. त्यात वधकर्त्याचा ध्वनी ऐकू येतो, पण शब्दाचा सरळ अर्थ आज्ञेची अंमलबजावणी करणारा एवढाच आहे. आपण केवळ आज्ञा पाळतो असे मानणारी सत्ता स्वतःच्या नौकेला असे नाव देईल, हे पटण्याजोगे आहे.

भारतीय कथापरंपरेने हा भेद फार पूर्वीच पाळलेला दिसतो. रामायण-महाभारत आणि पुराणे यांत शत्रुपक्षाची आकाशगामी वाहने व नगरे आहेत. रावणाचे विमान 'पुष्पक'. हे नाव फुलांशी नाते सांगणारे. महाभारताच्या वनपर्वात शाल्व ज्या आकाशगामी नगरातून द्वारकेवर चालून जातो, ते 'सौभ'. या नावातही दुष्टत्वाची खूण नाही. तारकासुराच्या पुत्रांची सोने, रुपे आणि लोखंड यांची तीन पुरे म्हणजे 'त्रिपुर', हे तर केवळ संख्यावाचक नाव. आणि त्यांतील एका पुराचा स्वामी 'कमलाक्ष' आहे. व्यक्तिनामांतही हेच आढळते. 'दुर्योधन' म्हणजे ज्याच्याशी युद्ध करणे कठीण असा. क्षत्रियाला हे भूषणच. उलट 'बिभीषण' या नावाचा अर्थ भय उत्पन्न करणारा, आणि ते नाव धारण करणारा लंकेतील धर्मनिष्ठ पुरुष आहे. परंपरेने नावाच्या आधारे निवाडा करू दिला नाही. तो आचरणावर सोपवला.

पुष्पकाची कथा या दृष्टीने विशेष बोलकी आहे. विश्वकर्म्याने घडवलेले हे विमान ब्रह्मदेवाकडून कुबेराकडे गेले, कुबेराकडून रावणाने ते बळाने घेतले, आणि युद्धानंतर राम त्यातूनच अयोध्येला परतला. विमान तेच राहिले आणि नावही तेच. मार्च २०२४ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने कर्नाटकातील चळ्ळकेरे येथे पुनर्वापरयोग्य प्रक्षेपकयानाच्या अवतरणाची चाचणी घेतली, तेव्हा त्या यानाला 'पुष्पक' हेच नाव देण्यात आले. त्यावर रावणाच्या मालकीचा डाग कोणाला दिसला नाही.

आधुनिक इतिहास याला अधिक अस्वस्थ करणारी पुष्टी देतो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब टाकणाऱ्या विमानाचे नाव होते 'एनोला गे'. वैमानिक पॉल टिबेट्स याच्या आईचे ते नाव. बाँबला 'लिटल बॉय' म्हणत. कोणत्याही कल्पक सूत्रधाराला सुचले नसते इतके हे नामकरण भीषण आहे; आणि त्याची भीषणता नावाच्या कोमलतेतच आहे. एप्रिल १९९८ मध्ये पाकिस्तानने चाचणी घेतलेल्या क्षेपणास्त्राचे नाव 'घौरी' होते. १९८८ मध्ये प्रथम चाचणी झालेल्या भारताच्या क्षेपणास्त्राचे 'पृथ्वी' हे नाव अग्नी, आकाश यांच्या मालिकेतील. पण सीमेपलीकडच्या नावाशेजारी ते ठेवले, की अनेकांना त्यात पृथ्वीराज ऐकू येतो. एका बाजूचा आक्रमक हा दुसऱ्या बाजूचा पूर्वज असतो.

इथवरच्या विवेचनातून एक सोपा नियम निघतो : खलनौकेचे नाव खलाच्या भाषेत, त्याच्या अभिमानातून ठेवावे. पण एवढ्याने प्रश्न संपत नाही. खलाची भाषा कोणाची, हे ठरवताना लेखक ती कोठून तरी उसनी घेतो. १९६७ मध्ये 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेत आणि पुढे १९८२ च्या चित्रपटात जो खलपुरुष अवतरला, त्याचे नाव 'खान नूनियन सिंग'. त्याच्या नौकेचे नाव मात्र 'बॉटनी बे', म्हणजे ब्रिटिशांनी आपल्या कैद्यांची वसाहत करण्यासाठी निवडलेल्या ऑस्ट्रेलियातील किनाऱ्याचे. नौकेच्या नावात इतिहासाची जाण आहे; हद्दपार केलेल्यांची ती नौका आहे, हे त्यातून कळते. माणसाच्या नावात मात्र दोन जिवंत समाजांची नावे एकत्र करून परकेपणाचा परिणाम साधला आहे. एकाच संहितेतील ही दोन नावे नैतिकदृष्ट्या एका तोलाची नाहीत.

हे खानदेशातील वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. ज्या प्रदेशाच्या नावाचाच उलगडा कोणी फारूकी राजांच्या 'खान' या किताबाने करतो, तर कोणी 'कान्हदेश' असा करतो. ज्या प्रदेशाला अकबराने १६०१ नंतर आपल्या पुत्रावरून 'दानदेश' हे नाव दिले आणि ते टिकले नाही, तेथे नाव म्हणजे सत्तेचा आणि स्मृतीचा झगडा आहे, हे रोजच्या अनुभवाचे आहे. धुळ्यात आयुष्याची अखेर झालेल्या इतिहासाचार्य राजवाडे यांनी ग्रामनामे आणि व्यक्तिनामे ही इतिहासाची साधने म्हणून वाचली, ती याच जाणिवेने. सातपुड्यात १८५७-५८ मध्ये उठाव करणारा भिल्ल नायक खाज्या नाईक हा इंग्रजी अंमलाच्या लेखी बंडखोर आणि लुटारू होता; आज त्याचे नाव स्वातंत्र्ययोद्ध्यांत घेतले जाते. इंग्रजांनी कान्होजी आंग्रे यांना 'चाचा' म्हटले. मुंबईतील नौदलतळाचे नाव आज 'आंग्रे' आहे. आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर अनेक जमातींच्या नावालाच गुन्ह्याचा पर्याय बनवले. १९५२ मध्ये त्या 'विमुक्त' झाल्या, तरी नावाला चिकटलेला संशय कायद्याबरोबर रद्द झाला नाही. ज्याला 'खल' हे नाव बाहेरून चिकटवले गेले, त्याच्या दृष्टीने खलनामाचा प्रश्न खेळाचा नसतो.

मराठी विज्ञानकथेत या गुंतागुंतीचे एक लक्षणीय उदाहरण आहे. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत मानवजातीला धोका ठरू पाहणाऱ्या यंत्रमानवाचे नाव 'वामन' आहे. लहानशा याचकाने त्रैलोक्य व्यापावे, ही पुराणातील प्रतिमा धोक्याची सूचना म्हणून वापरताना नाव मात्र अवताराचे, पूज्य असेच राहते. याच नावाकडे जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी' (१८७३) तून पाहिले, की चित्र उलटते : तेथे बळी हा न्यायी राजा आहे आणि वामन आक्रमक. बलिप्रतिपदेला 'इडापिडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या वाचकाला 'वामन' हे नाव प्रारंभापासूनच शंकास्पद वाटू शकते. एकच नाव एका वाचकाला विश्वास देते आणि दुसऱ्याला सावध करते. लेखकाचा हेतू काहीही असो, अशा नावाचा अर्थ वाचकाच्या सामाजिक स्मृतीत पूर्ण होतो. हे सामर्थ्य 'संहारक' या नावात कधीच येणार नाही.

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप संभवतो. दुष्टत्वाला सुंदर नाव देण्याने ते सुंदर भासू लागेल; खेळाडू 'पुष्पक'च्या बाजूने होतील. शिवाय लोककथेतील आणि बालकथेतील उघड खलनामे ही काही नैतिक आळसातून आलेली नसतात. ऐकणाऱ्या मुलाला त्यातून आधार मिळतो. आक्षेपाचा दुसरा भाग मान्य करावयास हवा : जेथे कथेचे प्रयोजनच भयाला ओळखीचा चेहरा देणे हे आहे, तेथे उघड नाव योग्य आहे. पहिल्या भागाला मात्र असे उत्तर देता येईल, की सुंदर नाव हे दुष्कृत्य झाकते ते कृत्य दाखवले नाही तरच. 'एनोला गे' या नावाने जे होरपळले त्यांचे दुःख कमी झाले नाही, आणि ते दुःख ठाऊक असलेल्याला नाव ऐकून मोह पडत नाही, तो हादरतो. दोष नावाच्या सौंदर्याचा नसतो. नावानंतर गप्प राहणाऱ्या कथनाचा तो असतो.

म्हणून खलनौकेचे नाव ठेवणाऱ्यापुढे दोन कसोट्या उरतात. त्या नौकेवरील खलाशी हे नाव मान ताठ ठेवून उच्चारू शकेल काय? आणि ते नाव ज्या भाषेतून, ज्या समाजातून घेतले, त्या समाजातील माणूस त्या खेळाला बसला असेल, तर त्याला मान खाली घालावी लागेल काय? पहिली कसोटी कलेची आहे, दुसरी नीतीची. 'डेथ स्टार' पहिल्या कसोटीला उतरत नाही. 'खान नूनियन सिंग' पहिलीला उतरते, पण दुसरीला नाही. 'पुष्पक' दोन्हींना उतरते. त्या नावाचे विमान आकाशात दिसले, तर त्यातून कोण उतरणार आहे हे नावावरून कळत नाही. खाली उभे असलेल्यांना दार उघडेपर्यंत थांबावे लागते, आणि उतरणारा काय करतो ते पाहूनच त्याला काय म्हणावयाचे हे ठरवावे लागते.