मजुरी माफ करण्याचा हक्क

शहरातली शिकलेली मुले सुट्टीत आठ-पंधरा दिवस एखाद्या सेंद्रिय शेतावर जातात, अर्धा दिवस राबतात, तिथेच जेवतात-राहतात आणि पैसे न घेता परत येतात, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. इंग्लंडमध्ये १९७१ साली स्यू कॉपर्ड या बाईंनी लंडनमधल्या लोकांसाठी शनिवार-रविवारी शेतावर काम करण्याचा असा उपक्रम सुरू केला. पुढे ती पद्धत जगभर पसरली आणि भारतातही आली. शहापूर आणि मुरबाड हे तालुके मुंबईच्या उशाशी आहेत. तिथल्या एखाद्या कुटुंबाच्या लहानशा फुलशेतीवर असा स्वयंसेवक गेला, तर आपण त्याचे कौतुकच करू. पण कौतुकाच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा. तो जी मजुरी माफ करतो, ती खरोखर त्याचीच असते का?

बिनमजुरीचे काम हा शब्द ठाणे जिल्ह्यात सहज उच्चारण्यासारखा नाही. याच जिल्ह्यात, जुन्या हद्दीत, १९४५ साली वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध उठले. राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने बिगारीला बंदी केली आणि १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा झाला. दिल्लीतल्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी चाललेल्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आणखी एक पाऊल पुढे टाकले. पोटाच्या नडीमुळे कुणी किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबत असेल, तर तीही सक्तीच होय, असे न्यायालयाने म्हटले. सक्ती करायला चाबूकच लागतो असे नाही. भूकही ते काम करते.

स्वयंसेवकावर अशी सक्ती नसते. कंटाळा आला की तो पहिली लोकल पकडू शकतो. म्हणून त्याचे काम वेठ नव्हे. मग ते इर्जिक आहे का, सावड आहे का? आपल्या खेड्यांतली ही जुनी रीत. आज तुझ्या शेतावर मी, उद्या माझ्या शेतावर तू. पैसा हातात पडत नाही, पण हिशेब चुकता होतो. स्वयंसेवकाच्या शेतावर मात्र शेतकरी कधीच जाणार नाही, कारण त्याला शेतच नाही. तेव्हा ही सावडही नव्हे. राहते ती खिदमत. आणि खिदमतीची पहिली अट अशी की, द्यायचे ते आपल्या गाठीचे असावे.

आता शेताकडे पाहू. मोगऱ्याची कळी पहाटे तोडतात. टपोरी, पांढरी, पण उमललेली नाही अशी. कोवळी तोडली तर ती नीट फुलत नाही. उमललेली तोडली तर कल्याण-दादरच्या बाजारापर्यंत टिकत नाही. कळ्या वजनावर विकल्या जातात आणि कळीला वजन असते ते किती! सेंद्रिय शेतीत कळी पोखरणाऱ्या अळीसाठी कडुलिंबाचा अर्क करायचा, दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती दोनशे लिटर पाण्यात कालवून जीवामृत करायचे, तण हाताने काढायचे. एवढे करून बाजारात या फुलाला वेगळा भाव बहुधा मिळत नाही. फूल कुणी खात नाही, मग ते विषमुक्त आहे की नाही हे गिऱ्हाईक कशाला विचारील? निकाहचा सेहरा, दर्ग्यावरची चादर, कबरीवरची फुले घेताना आपण तरी कधी विचारले आहे? विष न फवारण्याचा फायदा होतो तो पहाटे त्या झुडपात हात घालणाऱ्याला, मधमाशीला आणि विहिरीच्या पाण्याला. म्हणजे हे कुटुंब जगाचे भले स्वतःच्या घामातून करत असते. त्याला हातभार लावणे चांगलेच.

पण त्याच शिवारात आणखी एक माणूस आहे. दिवाळीनंतर कातकरी, ठाकर कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. मोगऱ्याचा मुख्य बहर उन्हाळ्यातला, म्हणजे नेमका याच दिवसांतला. गावातच फुले तोडण्याची, निंदणीची मजुरी मिळाली, तर एखादी बाई भट्टीवर जाणार नाही आणि तिचे पोर शाळेत राहील. त्या कामावर फुकटचे दोन हात आले, तर स्वयंसेवकाने माफ केलेली मजुरी त्या बाईच्या पदरातून गेलेली असते. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याचे देणे फेडावे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिथे निदान मजूर समोर उभा असतो. इथे तिला कामावर बोलावलेलेच नसते, म्हणून ती कुणाला दिसत नाही. आपल्याकडे हक्कुल इबाद म्हणतात, माणसाचा माणसावरचा हक्क. तो ज्याचा असेल त्यानेच माफ करायचा असतो. दुसऱ्या कुणाच्या चांगल्या नियतीने तो माफ होत नाही.

यावर कोणी म्हणेल, त्या शेतकऱ्याकडे मजुरीला पैसेच नाहीत; स्वयंसेवक आला नाही तर तो बाईला बोलावणार नाही, तणनाशकाची बाटली आणील. हे अनेकदा खरे असते, आणि उत्तरही इथेच आहे. आपले दोन हात कुणाची जागा घेत आहेत, बाटलीची की बाईची? बाटलीची घेत असतील तर खुशाल राबावे. बाईची घेत असतील तर आपल्या राहण्या-जेवण्याचे पैसे द्यावेत, त्यातून तिची मजुरी निघू द्यावी आणि आपण तिच्याकडून कळी ओळखायला शिकावे. पहिले काही दिवस तरी नवखा माणूस मदत कमी करतो आणि खोळंबाच जास्त करतो. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याकडून उपकाराची अपेक्षा करू नये.

मुंबईकराने तर आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातली. त्यांचे पाणी मुंबईच्या नळाला येते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्या पाण्यावर वाढलेला माणूस शहापुरात चार दिवस राबला, तर त्याने दान केले असे म्हणता येईल का? फार तर कर्जाचा एक लहानसा हप्ता फेडला असे म्हणता येईल. आणि कर्ज फेडणाऱ्याने सवाब मोजत बसू नये. आपला हप्ता योग्य माणसाच्या हातात पडला की नाही, एवढे मात्र त्याने जरूर पाहावे.