थांबवायचं का?

२०१९च्या दिवाळीत पाऊस गेलाच नव्हता. लोकांनी आकाशकंदील प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टांगले होते. त्यातल्याच एका पहाटे मी मार्केट यार्डातल्या खोलीवरून छत्री घेऊन दिवाळी पहाट ऐकायला निघालो. मैदान चालत पंधरा मिनिटांवर. पास फुकट, कुर्ता नवा, रूममेट घोरत पडलेला.

गायिकेने ललत सुरू केला तेव्हा नुसतं भुरभुरत होतं. सहा-सव्वासहाला धो-धो सुरू झाला. छप्पर फक्त स्टेजला होतं, तेही बाजूने उघडं. निम्मे लोक उठून गेले. उरलेल्या आम्ही छत्र्या उघडल्या, ज्यांच्याकडे छत्री नव्हती त्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्च्या उलट्या करून डोक्यावर घेतल्या. दमट हवेत तबल्याचं कातडं ओल धरतं आणि सूर उतरतो. तबलजी दर दोन मिनिटांनी हातोडी घेऊन गठ्ठे ठोकत होते. शेवटी निवेदकाने माइक घेतला आणि आम्हाला विचारलं, “रसिकहो, थांबवायचं का?”

आम्ही ओरडलो, “नाही!”

टाळ्या झाल्या. गायिकेने हात जोडले. कार्यक्रम आणखी तासभर चालला आणि खरं सांगतो, फार सुंदर झाला. आपण खरे रसिक, पळून गेले ते हौशे, असं मला त्या तासात मनापासून वाटत होतं. ओल्या खुर्चीचा फोटो मी स्टेटसला टाकला.

मैदानाच्या मधोमध साउंडवाल्यांचं टेबल होतं. तिथे विशीतला एक मुलगा मिक्सरवर ताडपत्री धरून उभा होता. दोन्ही हात वर. त्याच्या पायाजवळ केबलींचा गुंता, खाली पाणी. कार्यक्रम संपल्यावर तो वायरी गुंडाळत होता, तेव्हा मी कौतुकाने म्हणालो, “मस्त सांभाळलंत.” तो म्हणाला, “दोनदा झटका बसला, दादा.” तक्रार नव्हती, माहिती होती. मग मी विचारलं, कार्यक्रम थांबला असता तर पैसे मिळाले असते का. “अर्धे,” तो म्हणाला.

हे ‘अर्धे’ नसतं तर लेख इथेच संपला असता. श्रोत्यांनी समजूतदारपणे उठावं, एवढं म्हणून मोकळा झालो असतो. पण आम्ही थांबलो तर त्याला झटका, उठलो तर अर्धा पगार. दोन्हीकडून किंमत त्याचीच. मग आम्ही भिजलो त्याला काय म्हणायचं? मी त्याला इतके दिवस त्याग म्हणत आलो होतो. पण मी कुठल्याही क्षणी उठून चहा प्यायला जाऊ शकत होतो. ज्याला उठता येतं त्याचं बसून राहणं ही हौस असते. हौस वाईट नाही, फक्त तिला त्याग म्हणू नये.

मला जास्त खुपतो तो निवेदकाचा प्रश्न. तो चुकीच्या माणसांना विचारला होता. आमच्या कामात शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करायची की नाही, हे बहुतेकदा ज्याला रात्री जागायचं नसतं तोच ठरवतो. तसंच हे. खरं तर तो प्रश्न आधी तबलजींना, मग ताडपत्रीवाल्याला विचारायला हवा होता. पूर्ण पैसे मिळतील हे सांगून विचारायला हवा होता, नाहीतर त्या विचारण्यालाही अर्थ नाही.

असं कुठे होत नाही, असं नाही. डिसेंबर २०१४मध्ये अवकाळी पावसामुळे सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव पुढे ढकलला गेला आणि जानेवारी २०१५च्या पहिल्या आठवड्यात झाला. तेव्हा तो रमणबागेच्या मैदानावर व्हायचा. आता मुकुंदनगरात होतो, माझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. १९५३पासूनचा महोत्सव, गावोगावचे श्रोते, गाड्यांची आणि राहण्याची बुकिंगं. हळहळ झाली असणार. पण गाणं तीन आठवड्यांनी जुनं होत नाही.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतलं इंडियाना. १३ ऑगस्ट २०११ला तिथल्या राज्य जत्रेत शुगरलँड या बँडचा कार्यक्रम होता. वादळ येत होतं, प्रेक्षक जागेवरच होते. बँड स्टेजवर यायच्या आधीच वाऱ्याच्या झोताने स्टेजवरचा सांगाडा कोसळला. सात जण गेले. त्यांत प्रेक्षक होतेच, पण स्टेजचं काम करणारा एक कामगार आणि एक सुरक्षारक्षकही होता. ते दोघं गाणं ऐकायला आलेले नव्हते. मैदानावर ते पाऊस पडो न पडो, असणारच होते.

तरीही सगळंच पुढे ढकलता येत नाही, हे मला त्याच सकाळी दिसलं. परतताना मी फूलबाजारातून आलो. पुरंदरकडून आलेला झेंडू टेम्पोतून उतरत होता. पोती इतकी भिजलेली की हमालाच्या मानेवरून केशरी पाणी ओघळत होतं. ओला झेंडू काळा पडतो, टिकत नाही, गिऱ्हाईक हात लावून पुढे जातं. त्या वर्षी परतीच्या पावसाने राज्यभर सोयाबीन, कापूस, द्राक्षं झोपवली होती. फुलांचं काय कौतुक. एक काका पोतं पालथं करून बरी फुलं वेगळी काढत बसले होते. मी उगाच विचारलं, “काका, एवढ्या पावसात तोडायची कशाला?”

ते वर न बघता म्हणाले, “मग दिवाळी पुढं ढकलू का?”

मी दोन किलो घेतला. भाव केला नाही, आणि भाव केला नाही म्हणून स्वतःवर खूश झालो, हेही लिहून टाकतो. खोलीवर आलो तेव्हा रूममेट उटणं शोधत होता. त्याने माझा चिंब कुर्ता पाहिला आणि विचारलं, “झाला का रे कार्यक्रम?”

“झाला की. शेवटपर्यंत बसलो आम्ही,” मी म्हणालो.