निद्रा: तमोगुण की धर्म?

झोप हा साधनेतला अडथळा की तिचा पाया, हा भारतीय विचारातला जुना प्रश्न आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात निद्रा, आळस आणि प्रमाद यांतून मिळणारे सुख तामस ठरवले आहे. सहाव्या अध्यायात मात्र अति झोपणाऱ्याला योग साधत नाही, तसा अति जागणाऱ्यालाही साधत नाही, असे सांगितले आहे. म्हणजे निषेध झोपेचा नसून अतिरेकाचा आहे.

वर्ध्याजवळ पवनारला राहिलेल्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. त्यांत चौदाव्या अध्यायावर बोलताना त्यांनी तमोगुणावर शरीरश्रमाचा उपाय सांगितला. श्रम करणाऱ्याला झोप गाढ लागते आणि ती लांबवावी लागत नाही. गांधीजींच्या साबरमती आश्रमाच्या दिनक्रमात पहाटे चारला उठण्याची घंटा होती, तशी रात्री नऊला निजण्याचीही होती. पहाटेची प्रार्थना वेळेवर निजण्यावर उभी होती.

आयुर्वेदाने झोपेला याहून वरचे स्थान दिले. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ आहेत. सुख-दुःख, बळ-दुर्बलता, ज्ञान-अज्ञान, इतकेच नव्हे तर जीवन-मरणही निद्रेच्या अधीन मानले आहे. दिवसा झोपणे एरवी वर्ज्य, पण ग्रीष्मात रात्री लहान असतात आणि देह शुष्क होतो, म्हणून तेव्हा मुभा आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यात दुपारी लवंडणाऱ्याला आळशी म्हणणे म्हणूनच शास्त्राला धरून नाही.

आधुनिक वैद्यक प्रौढांना रोज किमान सात तास झोप सांगते. सलग चोवीस तास जागलेल्या माणसाची सावधता दारू प्यायलेल्या माणसाइतकी ढासळते. वर्धा जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर चालकाला लागलेली एक डुलकी अनेकांच्या जिवावर बेतू शकते. इथे झोप हा अहिंसेचा प्रश्न होतो.

एकादशीचे जागरण माणूस स्वेच्छेने स्वीकारतो. सावंगी (मेघे) येथे विनोबांच्या नावाने चालणाऱ्या ग्रामीण रुग्णालयासारख्या ठिकाणची रात्रपाळी, रात्रीच वीज मिळते म्हणून केलेले ओलित, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी केलेली जागल, ही जागरणे कर्तव्याने किंवा परिस्थितीने लादलेली असतात. तिथे संयमाचा उपदेश पुरत नाही. पाळीनंतर विसावा आणि शेतीला दिवसा वीज देणे हे समाजाचे कर्तव्य ठरते. आपली झोप जपणे हा स्वतःविषयीचा धर्म असेल, तर दुसऱ्याची झोप न हिरावणे हा समाजधर्म आहे.