विद्येचं कर्ज

आयआयटीतून शिकून कुणी थेट अमेरिकेला गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आपल्या पैशावर शिकला आणि त्यांच्या कामी आला.’ हे मला अगदीच खोटं वाटत नाही. पण विद्या हे कर्ज म्हटलं, तर सावकार कोण हे ठरवायला हवं. तिथेच घोटाळा होतो.

छ्यान श्वेसन १९३५ साली चीनमधून अमेरिकेला गेले ते बॉक्सर शिष्यवृत्तीवर. बॉक्सर उठाव मोडल्यावर परकी सत्तांनी १९०१ मध्ये चीनवर जबर दंड लादला. अमेरिकेच्या पदरात तिच्या नुकसानीपेक्षा जास्त पडलं. ते जास्तीचं तिने पुढे चिनी विद्यार्थ्यांच्या शिक्षणाकडे वळवलं. म्हणजे औदार्य अमेरिकेचं, पैसा चीनचाच. कॅलटेकमधले त्यांचे गुरू थिओडोर फॉन कार्मान, हंगेरीत जन्मलेले ज्यू, जर्मनीतल्या आखेनहून आलेले. या विद्येची खातेवही कोणी लिहायची?

युद्धकाळात छ्यान यांनी अमेरिकेसाठी रॉकेटांवर काम केलं. १९४५ मध्ये जर्मन रॉकेटतज्ज्ञांची चौकशी करायला गेलेल्या अमेरिकी पथकात ते होते; वेर्नर फॉन ब्राउन यांनाही त्यांनी प्रश्न विचारले. पुढे फॉन ब्राउन अमेरिकेचे लाडके झाले आणि छ्यान संशयित. १९५० मध्ये, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून, गोपनीय कामाची त्यांची परवानगी गेली. मायदेशी निघाले तर सुमारे आठशे किलो कागद जप्त झाले. सांकेतिक लिपी म्हणून ज्यांचा गवगवा झाला, ती लॉगॅरिदमची कोष्टकं निघाली! दोन आठवडे कोठडी, मग पाच वर्षं पाळतीखाली. तेवढ्यात डोक्यातलं ज्ञान शिळं होईल, हा हिशेब.

ज्ञान म्हणजे जणू कालची भाजी. त्या पाच वर्षांत या माणसाने ‘इंजिनिअरिंग सायबरनेटिक्स’ हा ग्रंथ लिहिला. आकडे जुने होतात, पण प्रश्न कसा फोडायचा ही सवय कुठल्या बंदरावर जप्त करणार? १९५५ मध्ये, चीनच्या ताब्यातल्या अमेरिकी वैमानिकांबद्दलच्या वाटाघाटींच्या काळात, त्यांना जाऊ दिलं. चीनमध्ये त्यांनी रॉकेटाचा गंध नसलेल्या तरुणांना शिकवायला घेतलं. १९६० मध्ये सोव्हिएत तज्ज्ञ तडकाफडकी निघून गेले, तरी त्याच नोव्हेंबरात चीनमध्ये बांधलेलं रॉकेट उडालं. आराखडा सोव्हिएत होता, हात तिथले होते.

म्हणून परतणाऱ्याला लगेच हार घालावा, असंही मला वाटत नाही. १९५८ मध्ये याच छ्यान यांनी सूर्यप्रकाशाचं गणित मांडून धान्याचं उत्पादन कितीतरी पट वाढू शकेल असा लेख लिहिला. ते दिवस फुगवलेल्या पिकांच्या आकड्यांचे होते, आणि मागोमाग भीषण दुष्काळ आला. दुष्काळ त्या लेखामुळे आला नाही. पण शास्त्रज्ञाचं नाव सत्तेच्या थापेला आधार झालं. देशाचं कर्ज फेडणं ते हेच का?

आता आपल्याकडे येऊ. हरगोविंद खुराना १९४५ मध्ये भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले, आणि १९४९ मध्ये खरोखर परत आले. इथे नोकरी मिळेना. पुन्हा केंब्रिज, १९५२ मध्ये व्हँकुव्हर, मग अमेरिका, आणि १९६८ मध्ये नोबेल. ‘आपल्या पैशावर’ म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारते : सावकाराच्या दारात कर्जदार आपल्या पायांनी आला होता, तेव्हा दार कोणी उघडलं नाही?